दर शुक्रवारचा पेशंट

दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता सामंत आजारी पडत.

कुठे पडायचं ते आदल्या दिवशी ठरलेलं असे. 'उद्या बी बिल्डिंग, दुसरा माळा, साठे. हार्ट.' असं ते गुरुवारी संध्याकाळी कॉलनीच्या फळ्यावर खडूनं लिहून जात. शुक्रवारी साठे वहिनी बाहेरच्या खोलीतलं टीपॉय सरकवून जागा करत. सामंत चपला दाराबाहेर काढून आत येत, पाणी पीत आणि लादीवर आडवे होत. मग छातीवर हात ठेवून शांत आवाजात म्हणत, "झाली सुरुवात. घाम फुटलाय. कोण येतंय बघू."

मग पाळीनं ठरलेला एक जण घाबरलेला नातेवाईक होऊन हाक मारायला धावे आणि कॉलनीतल्या चौघी बायका पदर खोचून स्ट्रेचर घेऊन जिना चढत. सामंतांना उचलत, खाली आणत, अँब्युलन्समध्ये ठेवत आणि दार लावत. दार लागल्याचा आवाज झाला की सामंत उठून बसत, घड्याळ बघत आणि चुका सांगत. त्यांना नीट उचललं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "पेशंट गेला," हे मात्र पुष्कळदा ऐकलं. "पहिल्या माळ्याच्या वळणावर तुम्ही मला कठड्यावर आपटलात, तिथेच मी गेलो. पुढचं सगळं फुकट वाहिलंत."

रमाकांत सामंत तेव्हा बावन्न वर्षांचे होते. आमच्या अंधेरी पूर्वेच्या कॉलनीत ए बिल्डिंगच्या तळमजल्यावर एकटेच राहत. अंगानं इतके किडकिडीत की उचलणाऱ्याला कष्ट म्हणून पडत नसत. "म्हणून तर मी पेशंट होतो," ते सांगत. "आधी हलका माल उचलायला शिका. नाईकांना उचलायची पाळी येईल तेव्हा कळेल." ब्याण्णव किलोचे नाईक तेव्हा समोरच उभे असत.

माल हा शब्द त्यांच्या तोंडी नोकरीमुळे बसला होता. मरोळला औषधाच्या बाटल्यांचा एक कारखाना होता, तिथे ते डिस्पॅचला होते. काचेच्या बाटल्या खोक्यात भरायच्या आणि न फुटता पोचवायच्या, हे काम पंचवीस वर्षं केल्यावर जगाकडे बघायची नजरच तशी झाली. खोक्यावर बाण छापलेला असतो, ही बाजू वर म्हणून. सामंतांना तो बाण माणसांवरही दिसायचा. "वरची बाजू वर, बाकी सगळं नंतर," हे त्यांचं पालुपद. कुणाच्याही घरी गेले की आधी जिना बघत, मग वळण, मग दाराची रुंदी. शेवटी यजमानाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणत, "तुमचं कठीण आहे. तुम्हाला तिरकं काढावं लागेल." यजमान बिचारा हातात पोह्यांची बशी घेऊन उभा असे.

माझ्या धाकट्या बहिणीला घाटकोपरचं स्थळ आलं, तेव्हा कुणी वडीलधारं सोबत असावं म्हणून मी सामंतांना बरोबर नेलं. परत येताना आईनं विचारलं, "कसं वाटलं घर?"

"मुलगा सोन्यासारखा आहे," सामंत म्हणाले. "पण चौथा माळा. जिन्याचं वळण दोन फूट दहा इंच. बाळंतपणाला खाली आणणार कशी?"

लग्न झालं. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सामंतांना वाटलं, आपलं ऐकलं. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं हे त्यांना सांगायचं आमच्या सगळ्यांच्याच जिवावर आलं.

अँब्युलन्स होती गणपतीच्या मंडळाची. एका भल्या माणसानं मंडळाला आपली जुनी मॅटाडोर दिली होती. तिला पांढरा रंग दिला, नारळ फोडला आणि बावीस स्वयंसेवकांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. फोटो छान आला. पण मंगळवारी दुपारी कुणाच्या छातीत दुखलं तर बावीसच्या बावीस जण फोर्टात आपापल्या टेबलाशी. किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आणि सेक्रेटरी बॅलार्ड पियरला. त्यामुळे गाडीतून जायच्या त्या सतरंज्या, लाउडस्पीकर आणि सत्यनारायणाचे केळीचे खुंट. एकदा खरोखरच पेशंट आला, तर त्याच्या आधी आचाऱ्याचा टोप उतरवावा लागला होता.

मंडळाच्या सभेत सामंत उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस रविवार बघून आजारी पडत नाही. दिवसा पगारी ड्रायव्हर ठेवा आणि उचलायला दिवसा घरी असणारी माणसं घ्या."

गदारोळ झाला. सेवेच्या कामात पगार म्हणजे मंडळाच्या नावाला काळिमा, असं चार वक्ते बोलले. सामंतांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "देवाची पूजा आपण भक्तीनं करतो," ते म्हणाले, "पण सकाळी देऊळ उघडायला गुरव लागतो. गुरवाला पोट असतं. तुम्ही भक्ती करा, मला एक गुरव द्या."

असे राणे आले. गिरणीचा ट्रक चालवायचे, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले होते. मालवणचे. सकाळी आठ ते रात्री आठ गाडीपाशी असायचे, डबाही गाडीतच खायचे. किल्ली त्यांच्या गळ्यात, सुतळीत ओवलेली.

दिवसा घरी कोण असतं, तर बायका. हे ऐकून सभेतले पुरुष हसले. सामंत म्हणाले, "पहाटे पाणी येतं तेव्हा खालच्या नळावरून भरलेल्या बादल्या तिसऱ्या माळ्यावर कोण नेतं? कॅरमच्या सोंगट्या सोडून तुम्ही शेवटचं काय उचललंत ते आठवून सांगा." मागच्या रांगेत बसलेल्या कुलकर्णी वहिनींनी तिथल्या तिथे आपलं नाव दिलं. मी शाळामास्तर, शाळा सकाळची, दहाला घरी, म्हणून मलाही पकडलं. कारखान्याला सुट्टी शुक्रवारची, वीजकपातीमुळे. त्यामुळे सरावाचा वार शुक्रवार.

एवढं सगळं जमलं आणि गाडं अडलं ते पायांपाशी.

जिना उतरताना पेशंटचे पाय पुढे हवेत, म्हणजे डोकं वरच्या बाजूला राहतं. कुणालाही पटेल असं आहे. पण आमच्या घरांतून पाय पुढे करून बाहेर नेतात ते एकाच माणसाला, जो परत यायचा नसतो. त्यामुळे जिवंत माणूस उचलायचा तर डोकं पुढे, असा आजवरचा रिवाज. जिन्यात मग डोकं खाली आणि पाय आकाशाला. धडधाकट माणसालाही तसं नेलं तर पहिल्या माळ्यापर्यंत डोळे पांढरे होतील.

या रिवाजाची सगळ्यात मोठी रखवालदार आमच्याच घरात होती. आक्का, म्हणजे माझी थोरली आत्या. लहान वयात कपाळ पांढरं होऊन भावाकडे आली, तिनंच मला वाढवलं. आता बहात्तर वर्षांची होती आणि बी बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कॉलनी चालवत होती. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज ना उद्या यांना एकदम दम लागेल. डोकं उंच ठेवून ताबडतोब हलवायचं. डोकं खाली गेलं तर छातीत पाणी भरेल, हातात काही राहणार नाही." हे मी सामंतांना सांगितलं, तेव्हापासून त्यांनी आक्काचा ध्यासच घेतला.

"मी मेल्याशिवाय माझे पाय पुढे जायचे नाहीत," आक्का म्हणाली.

"बरं, मग खुर्चीत बसवून नेतो," सामंत म्हणाले.

"खुर्चीत बसवून संन्याशाला नेतात, समाधी द्यायला. मी संसारी बाई आहे."

"आक्का, मग तुम्हाला नेऊ तरी कसं?"

"नेऊ नकोस मेल्या. कुणी बोलावलंय तुला?"

सामंत चिडत नसत. दर शुक्रवारी ते मुद्दाम आक्काच्या गॅलरीखालून पाय पुढे करून जात, अँब्युलन्समधून उतरत आणि वर बघून हात हलवत. "बघा आक्का, पाय पुढे गेले आणि उठलो."

"तुझं काय," आक्का वरून म्हणे. "तुला यमसुद्धा नेणार नाही. दाराची रुंदी सांगत बसशील त्याला."

शेवटी मंडळानं तोडगा काढला. दारातून बाहेर काढताना डोकं पुढे, म्हणजे शकुन राहिला. मग जिन्याच्या पहिल्या वळणावर स्ट्रेचर फिरवून घ्यायचं, म्हणजे पाय पुढे, डॉक्टरही खूश. तोडगा सभेत एकमतानं मंजूर झाला. जिना कुणी मोजला नव्हता. ज्यांनी मोजला होता ते सामंत घसा फोडून सांगत होते की वळण अरुंद आहे, पण ठराव झाला होता आणि पेशंट म्हणून त्यांनाच झोपायचं होतं.

आमच्याच जिन्यात झालं ते, साठ्यांच्या दुसऱ्या माळ्यावरून उतरताना. अर्ध्यावर फिरेपर्यंत सगळं ठीक होतं. मग स्ट्रेचरचं एक टोक कठड्याच्या गजांत गेलं आणि दुसरं, पहिल्या माळ्यावर राहणाऱ्या पै मावशींच्या चपलांच्या रॅकमागे. पुढे जाईना, मागे येईना. वर जाणारे वर अडकले, खाली जाणारे खाली. मधे सामंत, आडवे, पट्ट्यांनी बांधलेले, छताकडे बघत. "वेळ बघा," ते म्हणाले. "मास्तर, तुम्ही बघा वेळ, माझा हात बांधलाय." सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन आला आणि खालच्या पायरीवर बसून राहिला. पै मावशींना वाईट वाटलं, त्यांनी बशीतून चहा पाजला. बावीस मिनिटांनी राणेंनी पान्यानं कठड्याचा एक गज काढला तेव्हा सुटका झाली. सामंत उठले, कपडे झटकले. "पेशंट गेला," ते म्हणाले, "पण चहा घेऊन गेला."

आक्का त्या दिवशी इतकी हसली की मला भीती वाटली. पण हट्ट तिनं सोडला नाही. मी रात्री अंथरुणावर पडलो की तिच्या श्वासाचा आवाज ऐकत राहायचो. बिनसलं तर काय करायचं, मला माहीत होतं. ती करू देणार नाही, हेही माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी सामंत सी बिल्डिंगमध्ये पहिल्या माळ्यावर आजारी होते. मी शाळेतून आलो, जिना चढलो आणि दारातूनच आक्काचा श्वास ऐकू आला. पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसली होती. ओठ निळे. आई तिची पाठ चोळत होती. मी तसाच उलट्या पावली खाली धावलो आणि सी बिल्डिंगमध्ये शिरलो. "चला," मी म्हणालो, "आक्काला दम लागलाय."

स्ट्रेचर उचललेल्या चौघी थांबल्या. "मास्तर, आज नातेवाईक साठे वहिनी आहेत," कुलकर्णी वहिनी म्हणाल्या. "तुमचा नंबर पुढच्या शुक्रवारी."

"खरंच," मी म्हणालो. माझा आवाज फुटला असावा, कारण स्ट्रेचरवरचे सामंत पट्टा सोडून टुणकन खाली उतरले. मघापर्यंत जगतो की मरतो असा असलेला तो माणूस माझ्या आधी आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचला होता.

चौघींबरोबर स्ट्रेचर घेऊन मी वर गेलो, तशी त्यांनी आक्काच्या पाठीमागे उशा रचून तिला स्ट्रेचरवर अर्धवट बसती केली. दारात येताच आक्कानं चौकट घट्ट धरली. तिला बोलवत नव्हतं. एकेक शब्द श्वास घेऊन येत होता. "पाय... पुढे... नाही."

मला रडू फुटलं. मी म्हणालो, "आक्के, सोड गं चौकट." ती सोडेना. जबरदस्तीनं तिची बोटं उलगडायची हिंमत कुणात नव्हती. खाली राणेंनी गाडी सुरू करून ठेवल्याचा आवाज येत होता.

सामंत तिच्या पायांच्या बाजूला गेले. दाराबाहेर, दोन पायऱ्या उतरून, तोंड तिच्याकडे करून उभे राहिले आणि स्ट्रेचरचे दांडे त्यांनी खांद्यांवर घेतले. आक्काच्या टाचा त्यांच्या कपाळाला टेकल्या.

"आक्का, बघा नीट," ते म्हणाले. "पाय पुढे कुठे जातायत? पाय माझ्या डोक्यावर आहेत. मोठ्यांचे पाय लहानांच्या डोक्यावर असतात. त्यात अशुभ काय आहे, सांगा."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या धापेतही ती विचार करते आहे हे मला कळत होतं.

"तेल," ती म्हणाली. "तुझ्या... डोक्याला... तेल आहे."

"आहे. नंतर माझ्या सदऱ्याला पुसा."

आक्कानं चौकट सोडली.

चोपन्न पायऱ्या सामंत पाठमोरे उतरले. डोक्याच्या बाजूला मी आणि कुलकर्णी वहिनी. राणे धावत वर आले होते, ते सामंतांच्या पाठीला हात लावून मागून वाट सांगत होते. "सावकास. अजून तीन. वळान इला. डाव्यान, डाव्यान." स्ट्रेचर पाण्यानं भरलेल्या परातीसारखं सरळ होतं. सामंत पूर्ण वेळ आक्काशी बोलत होते, तेही असं की जणू गॅलरीखाली उभे आहेत. आता पहिला माळा आला, पै मावशींनी चपला उचलल्यात, या वळणावर मी एकदा चहा प्यायलो होतो. कॉलनीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती आणि पाय पुढे गेलेले सगळ्यांनी बघितले.

पार्ल्याच्या हॉस्पिटलात अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. "आता ठीक आहेत," ते म्हणाले. "बसवून आणलंत म्हणून वाचल्या." मी सामंतांना मिठी मारली. मला वाटलं, आता ते वेळ सांगतील, चुका सांगतील. त्यांनी बाकावर बसून चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ते कारखान्यातून परस्पर आले होते. आक्का उशांना टेकून बसली होती, नाकातली नळी निघाली होती आणि आवाजाला धार आली होती.

"इतका का रे हात धुऊन लागला होतास माझ्या मागे?" ती विचारत होती. "कॉलनीत म्हाताऱ्या काय कमी आहेत?"

सामंत हसले. मग हसू गेलं. मी दाराशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. एरवी आमच्याशी ते शहरी मराठी बोलत, तेव्हा मात्र घरची मालवणी निघाली.

"माझ्या आवशीक असोच दम लागलेलो," ते म्हणाले. "लालबागच्या चाळीत, चौथ्या माळ्यार. शेजारचे पोरगे धावत इले. त्यांनी बरोबर धरलेल्यानी, पाय पुढे. मीच आराडलंय, माझ्या आवशीचे पाय पुढे करू नकात. मी पोटचो झील. त्यांनी माझा आयकल्यानी. खालसून माझ्याकडे बघत होती, आक्का. दुसऱ्या माळ्यापर्यंत बघत होती."

खोटी समजूत घालायची आक्काला सवयच नव्हती.

"चुकलास," ती म्हणाली.

"होय."

"पण आई होती ती. हॉस्पिटलात पोचायची कशाला वाट बघेल? तिनं जिन्यातच माफ केलं असेल."

सामंत मान खाली घालून बसले होते. आक्कानं चादरीतून आपले पाय बाहेर काढले.

"दोन दिवस पडून मुंग्या आल्यात," ती म्हणाली. "चेप जरा."

सामंतांनी स्टूल पलंगाच्या पायथ्याशी ओढलं, बाह्या वर सारल्या आणि तिचे पाय मांडीवर घेतले. "हळू रे," आक्का म्हणाली, "खोकं नाही ते." मी डबा खिडकीत ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.